लोक म्हंजे कोन, घर दाव

वाकळ गरम हुती आन वाकळंवर पोर न्हवतं.

मी तितंच उभी, हाताला राख, हातात घासल्याली ताटली. आत्ता हितं निजली हुती माजी ठकी, मुठी मिटून, व्हटाला दूध वाळल्यालं. घरात दुसरं कोन न्हवतं, मागच्या दारी चार भांडी घासून येस्तवर वाकळ रिकामी. हात लावला तर ऊब हाय, पोर न्हाय. पेटीमागं बगितलं, चुलीमागं बगितलं, रांजनात हात घातला बगा, रांजनात, कोपरापतुर, आन हाताला नुसतं पानी लागलं तवा जीव खाली पडला आन लगीच परत वर चढला. मंग माज्या तोंडातनं काय निगालं ते मला ठावं न्हाय. गल्ली सांगते, कौलावरची कावळी उडाली म्हने.

अवसेचा दिस हुता. हे सांगायलाच पायजे, कारन त्यातनंच समदं झालं. आमच्या भवानी पेठंत अवसंला हातमाग बंद असत्यात. आमच्या भितीला भीत लावून यल्लय्याचं घर, तेलगू विनकर, त्याचा माग रोज दिसभर चालायचा, खट्-खटक, खट्-खटक, आन आमच्या फळीवरची भांडी त्या तालावर हालायची. अवस आली की सकाळी मागाला हळद-कुंकू लावायचं, नारळ फोडायचा, दार लोटून घ्यायचं, मंग दिवेलागनीला मागाफुडं दिवा लावेस्तवर त्या खोलीत कुनी पाऊल घालायचं न्हाय. अशी त्यांची रीत. मंग दिसभर समदी गल्ली मोकळी. गडीमानसं कट्ट्यावर, बायका नळावर. आन मोकळ्या तोंडांत त्या दिसांत एकच गोष्ट, पोरं धरनाऱ्याची. कुठल्याशा गिरनीचं नवं धुरांडं उभं ऱ्हाईना म्हने, बांदलं की ढासळतंय म्हने, पायात लेकरू घातल्याबिगर टिकत न्हाय म्हने, त्यापायी झोळ्या दिऊन मानसं सोडल्यात म्हने. कुनी बगितली? कुनीच न्हाय. पन ठावं समद्यांना.

मी आरडले तशा बाया धावल्या. म्होरं सोनाबाई, आमच्या समोरच्या घरातली, ती कायम म्होरं. "काय गं, काय झालं? पोर? कुटं गेलं? कोन आलं हुतं का दाराला?"

आन मी म्हनले, "मगाशी घोंगडीवाला आला हुता, पानी मागाया."

येवढंच म्हनले मी. द्येवाशपथ येवढंच. आन ते खरं हुतं. म्हातारा मानूस, खांद्यावर घोंगड्यांचं गाठुडं, कानडीबिगर भाषा येत न्हाय, वंजळ करून दावली तशी मी वरनं पानी घातलं. पानी पिऊन ठकीकडं बगून जिभेनं टक् टक् केलं, ठकी खुदुखुदु हासली, आन त्यो गेला. मग मी तिला निजवली.

माजं ते बोलनं सोनाबाईच्या दारापतुर गेलं तवा "घोंगडीवाला पोराला बगून गेलाय" झालं. नळापतुर गेलं तवा "पोराला हाक मारीत हुता." आन मारुतीच्या पारापतुर पोचलं तवा "गाठुड्यातनं लेकराचा पाय लोंबताना बगितला." मी उंबऱ्याभाईर आले तवर गडीमानसं काठ्या घिऊन पळत हुती.

आता फुडचं सांगायच्या आदी तानूआक्का कोन ते सांगते. न्हायतर तुमाला पटायचं न्हाय. मला बी अजून कदीकदी पटत न्हाय.

दिसायला काय न्हवतं तिच्यात. वाळल्या शेंगंवानी बाई. मिशेरीनं दात काळे, कपाळाला कुंकू न्हाय, लुगडं घोट्याच्या वर. माहेर अक्कलकोटाकडचं, म्हनून कानडी बोलायची. नवरा कवाच गेल्याला, पोरबाळ न्हाय. यल्लय्याच्या पडवीत ऱ्हायची आन त्याच्या मागासाठी कांड्या भरायची. म्हंजे रहाट फिरवून सूत बारक्या नळीवर गुंडाळायचं, ती नळी मंग मागातनं हिकडनं तिकडं पळनाऱ्या धोट्यात बसती. सकाळपासनं तिचा रहाट घरघर घरघर. सोभाव म्हनाल तर आंबट. पाटा मागाया गेलं तर म्हनायची, "तुज्या बापानं दिला न्हाय व्हय?" आन मंग द्यायची. माजी भाकरी बगून म्हनायची, "हिला भाकर म्हन्त्यात? ह्यी तर मोडनिंबाचा नकाशा." मी मोडनिंबाची ना. लई लागायचं मला.

तिच्या पडवीत बाया जमायच्या. रहाटाच्या आवाजात बोलायला बरं असतंय, भाईर ऐकू जात न्हाय. आन बोलता बोलता कुनी म्हनलं, "लोक म्हन्त्यात की..." तर तानूआक्काचा हात थांबायचा. रहाट गप.

"लोक म्हंजे कोन?"

"अगं, समदीच म्हन्त्यात."

"समदी कोन? घर दाव. मी जाऊन इचारते."

आन ती खरंच जायची हो! ह्येच तर तिचं. दुसरं कोन इचारून गप बसलं असतं. ही उठायची, लुगडं झटकायची, आन जायची.

मी नवी नवरी हुते तवाची गोष्ट. वरीस बी झालं न्हवतं लग्नाला. येक दिस सासूबाई माज्याशी बोलंनात. मग ताट येगळं. मग पानी येगळं. मला कायच कळंना. मालक, म्हंजे आता ठकीचे बाबा, ते बी खाली मान घालून गिरनीत जायाचे, खाली मान घालून यायाचे. शेवटी कळलं, गल्लीत बोलत्यात की मोडनिंबाच्या पोरीच्या अंगावर कोड हाय, आईबापानं झाकून दिली. सासूबाईंनी माजं गाठुडं बांदलं हुतं. परत धाडायचं. बिन इचारता. माजं अंग बगावं असं बी कुनाला वाटलं न्हाय, का तर समदी म्हनत हुती, मंग बगायचं काय?

तानूआक्का माजी कोन हुती? कुनी न्हाय. माजी भाकर तिला आवडत न्हवती. पन ती आली, माजं मनगट धरलं आन मला घिऊन निगाली. पैल्या दारात, "तुला कुनी सांगितलं?" तितली बाई म्हनाली, सोनाबाईनं. सोनाबाईच्या दारात, "तुला कुनी?" तिनं चुलत जावंचं नाव घेतलं. जाऊ म्हनाली, न्हाव्याच्या बायकूनं. माज्या मागं हळूहळू पोरं लागली, बाया लागल्या, मी लाजंनं अर्धी झाले, पन तिनं मनगट सोडलं न्हाय. अशी दारं करत करत आमी कासाराकडं पोचलो. कासार बांगड्या भरत हुता. म्हनाला, "अवो मी काय म्हनलं? नव्या सूनबाईच्या मनगटाला पांढरा डाग हाय, तव्याचा चटका दिसतोय, बांगडी जपून भरावी लागली. येवढंच."

तानूआक्कानं माजं मनगट समद्यांफुडं वर धरलं. चटका. भाकरीचाच. म्हनाली, "बगा. ह्ये तुमचं कोड. ह्या पोरीला भाकर येत न्हाय येवढंच खरं हाय."

समदी हासली. सासूबाईंनी गाठुडं सोडलं. मी हासत हुते आन रडत हुते. आन घरी येताना तानूआक्का म्हनाली काय, "रडू नगस. कासार खोटं बोलला न्हाय, जाऊ खोटं बोलली न्हाय, सोनाबाई बी न्हाय. समद्यांनी थोडी थोडी भर घातली. कुनाच्याच हाताला घान लागली न्हाय, आन तुजं घर चाललं हुतं मोडून."

हे मला तवा कळलं न्हाय. मारुतीच्या पाराम्होरं कळलं.

अजून येक सांगते. चंद्राबाई म्हनून येक बाई हुती, तिचं आन तानूआक्काचं इस्तू पान्याचं वैर. कारन काय, तर कोंबड्या. चंद्राबाईच्या कोंबड्या हिच्या सुतात शिरायच्या. दोगी येकमेकींचं तोंड बगत न्हवत्या. येकदा येका घरातलं पोर तापानं फनफनलं, आन त्यांच्या दारात लिंबू सापडलं. झालं. चंद्राबाईनं करनी केली. का चंद्राबाईनंच? तर तिला पोर न्हाय, तिची नजर वाईट, आन लोक म्हन्त्यात. मानसं जमली, तिच्या झिंज्या धरून तिला भाईर वढली. तशात तानूआक्का गर्दीत घुसली आन म्हनाली, "लिंबू माजं हाय."

चंद्राबाईच्या झिंज्यांवरचा हात सुटला.

"लोनच्याला आनलं हुतं. बाजारातनं येताना वटीतनं पडलं. हुडकत हुते मी. द्या हिकडं."

लिंबू घेतलं, पुसलं, वटीत टाकलं. गल्लीत जो कोन म्हातारा न्यायनिवाडा करायचा त्यो म्हनाला, "तानूआक्का, पन पाचामुखी परमेश्वर असतोय. येवढी मानसं म्हन्त्यात ते काय उगाच?"

ती म्हनाली, "पाचामुखी असंल बाबा. पन्नास तोंडं झाली की त्यो उठून जातोय. त्या गर्दीत त्याला टेकाया जागा न्हाय."

चंद्राबाई तिच्या पाया पडाया आली तर पाय मागं घेतलं. "सरक तिकडं. तुज्याशी मी बोलत न्हाय. पन तुज्यावर खोटं बी पडू दिनार न्हाय. आन कोंबड्या बांद."

त्या दोगी शेवटपतुर बोलल्या न्हाईत. मला लई नवल वाटायचं. आमची माया कशी असती, आपल्या मानसासाटी जीव द्यायचा, परक्याला इचारायचं न्हाय. हिचं तसं न्हवतं. हिला आवडनारं आन न आवडनारं ह्यात काय फरकच न्हवता खऱ्याच्या येळंला. अशा मानसाचं भ्या वाटतंय, खरं सांगते. द्येवळात मूर्तीम्होरं एकटं उभं ऱ्हायल्यावर वाटतंय तसं.

येकदा मी इचारलं, "आक्का, तुमी कुनालाच का हो भीत न्हाय?"

रहाट फिरवत म्हनाली, "येकल्या मानसाला काय भ्यायचं? मानूस येकला असला की बरा असतोय गं. चुलीम्होरं बसला की त्याला समदं कळतंय. पन गर्दीत शिरताना त्यो आपली अक्कल चपलावानी भाईर काढून ठिवतोय, आन निगताना कुनाची बी घालून येतोय. त्याला मी भेते. लई भेते."

आता पाराम्होरचं.

मी पळत गेले, पदर कुटं, केस कुटं. पारापाशी गर्दी, आन गर्दीच्या मधी त्यो घोंगडीवाला भुईवर. घोंगड्या समद्या उलगडून फेकल्याल्या. काळ्या, करड्या, धुळीत. येकेक झटकून बगितली हुती लोकांनी, आन पोर न्हवतं. बगा हं, पोर न्हवतं त्यात! मला वाटलं आता सोडतील. तर जास्तच मारायला लागली. "दुसऱ्याच्या हवाली केलंय! बोल, कुटं दिलंस?" त्यो कानडीत काय काय म्हनत हुता, हात जोडत हुता, आन लोक म्हनत हुती, "बगा, बोलत न्हाय. चोर हाय म्हनून बोलत न्हाय." ज्यांनी मारलं ती कोन राक्षस न्हवती हो. येक जन माज्या ठकीला रोज फुटानं द्यायचा. येक जन भजनात टाळ वाजवायचा.

तानूआक्का कवा आली मी बगितलं न्हाय. ती आरडली न्हाय, कुनाचा हात धरला न्हाय. गर्दीच्या पायातनं वाकून आत शिरली आन त्या मानसाच्या अंगावर आडवी झाली. बास. पोराला पांगरून घालावं तशी त्याच्यावर पडली. येक काठी वर गेल्याली तशीच वर ऱ्हायली.

"ए म्हातारे, ऊठ!"

"न्हाय."

"मरशील फुकटची!"

"मरंन." मंग तिनं मान वर केली. गाल धुळीनं माखल्याला. "ह्यानं पोर उचलताना कुनी बगितलं? आपल्या डोळ्यानं. त्यानं फुडं यावं, मी उठते."

कुनी फुडं येईना. पन मागं बी हटंना. मागनं कोन म्हनलं, "आईलाच इचारा की! तिनंच सांगितलंय!"

आन समदी तोंडं माज्याकडं वळली.

आजून मला ती तोंडं सपनात दिसत्यात. सोनाबाई कानाशी फुसफुसत हुती, "व्हय म्हन, व्हय म्हन, पोर तुजं हाय की!" दुसरी म्हनाली, "न्हाय म्हनलीस तर कोन हुडकंल तुज्या पोराला?" आन ते खरं वाटलं मला. ही समदी माजी मानसं, माज्यासाटी पळत आलेली, घाम गाळत्यात. त्यो मानूस माजा कोन? त्यो गेला तर माजं काय जातंय? आन माजी ठकी कुटं हाय, ती रडती का, तिच्या तोंडावर कुनी हात ठिवलाय का, हे समदं माज्या डोस्क्यात आन वरनं ती तोंडं. व्हय म्हनायला काय लागतंय? येवढासा शबुद.

तानूआक्कानं व्हय म्हन, न्हाय म्हन, असं सांगितलं न्हाय. इचारलं फकस्त, "तू बगितलंस का गं?" नुसतं बगत हुती. मला माजं मनगट आटवलं, तिनं धरल्यालं.

मी म्हनले, "न्हाय. पानी पिऊन गेला. मी न्हाय बगितलं."

लोकांतनं आवाज निगाला, रागाचा. आन त्याच घडीला मागनं दगड आला. त्या मानसाच्या डोस्क्याच्या रोखानं. तानूआक्कानं हात आडवा घातला. लाकूड मोडावं तसा आवाज झाला. ती आरडली न्हाय तवा बी. मान वळवली आन दगड आला तिकडं बगितलं. नीट बगितलं. ज्यानं मारला त्याच्या तोंडावर तिची नजर ऱ्हायली, समद्यांना दिसलं की हिनं बगितलं. मंग तिनं दुसरा हात त्या मानसाच्या डोस्क्यावर ठिवला आन कानडीत म्हनाली, "अळबेडप्पा, अळबेड." रडू नगस बाबा, असं.

आन तेवढ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी नरसम्मा, यल्लय्याची बायकू, हात हालवत आरडत आली, "पिल्ल इक्कडे उंदी! पोरगी हितं हाय! हितं हाय!"

दिवेलागन झाली म्हनून ती मागाफुडं दिवा लावाया गेली हुती. दिवा खाली धरला तर मागाच्या खड्ड्यात, जितं विनकर पाय सोडून बसतोय तितं, यल्लय्यानं पायाखाली घातल्याल्या फडक्यावर माजी ठकी आडवी. झोपल्याली. रोज त्या मागाच्या आवाजावर निजायची सवय तिची. त्या दिवशी आवाज न्हाय म्हनून झोप मोडली असंल, आन रांगत रांगत, लोटल्यालं दार ढकलून, आवाज हुडकाया गेली असंल. आन अवस म्हनून त्या खोलीत कुनी बगितलंच न्हाय. विहीर बगितली, नाला बगितला, भिताडापलीकडं न्हाय.

मी पोर छातीशी घेतलं आन तितंच खड्ड्याच्या काठावर बसले. किती येळ ते म्हाईत न्हाय.

परत पारापाशी आले तवा तितं कोन न्हवतं. येवढी गर्दी, पन समद्यांना येकदम घरची कामं आटवली हुती. नंतर ज्याला त्याला इचारा, त्यो म्हनायचा, "मी सोडवाया गेलतो." समदीच सोडवाया गेलती. मंग मारलं कुनी? पारावर तानूआक्का आन त्यो मानूस. ती डाव्या हातानं त्याचं डोस्कं पुशीत हुती, आन त्यो रडत हुता, तिचा उजवा हात बगून. तिनं त्याला आमच्या घरी आनलं, भाकर खाऊ घातली, माजीच. घोंगड्या मी झटकून दिल्या.

जाताना त्यो दाराशी थांबला. ठकी माज्या काखंला. तिनं वळखलं त्याला, हात फुडं केला, जिभेनं टक् टक् करू लागली, मगाशी पानी पिऊन त्यानं केलं तसं. आन त्या मानसानं आपलं दोनी हात पाठीमागं नेलं. घट्ट धरलं पाठीमागं. ठकीकडं बगितलं बी न्हाय. तसाच खाली बगून गेला.

तानूआक्काचा हात हाडवैद्यानं बांदला, पन मनगट वाकडं बसलं. त्या हातानं परत रहाट फिरला न्हाय. डाव्या हातानं शिकली. सुरवातीला कांड्या ढिल्या यायाच्या, नरसम्मा गुपचूप परत भरायची.

आन गल्ली! गल्ली तिच्याशी अशी गोड झाली की तीच वैतागली. कोन भोपळा दितंय, कोन दही दितंय. समद्यांना ठावं, हिनं दगड मारनाऱ्याला बगितलंय. आन ही बाई बगितलेलं लपवत न्हाय. चौकीवरचा शिपाई आला. "म्हातारे, बगितलंस का कोन हुता?" म्हनाली, "बगितलं." "नाव सांग." "न्हाय सांगनार." शिपाई म्हनाला, "का? भेतीस?" म्हनाली, "व्हय, भेते." त्यो हासून गेला.

मला ऱ्हावलं न्हाय. पडवीत कोन न्हवतं तवा इचारलं. "आक्का, जन्मभर समद्यांना इचारीत आलात, कुनी बगितलं, फुडं या. आता तुमी बगितलं आन तुमीच गप?"

डाव्या हातानं रहाट थांबवला. "अगं, मी आज नाव घेतलं तर उद्या गल्ली त्याच्या दाराशी. हीच मानसं, ह्याच काठ्या. म्हनतील, ह्यो बगा पापी, आमी न्हवं. आपलं समद्यांचं पाप त्याच्या डोस्क्यावर घालून मोकळी हुतील. मंग त्याच्यावर आडवं कोन पडनार? माजा तर हात मोडलाय."

आन रहाट चालू केला.

मी घरी आले आन चुलीम्होरं बसले. आन चूल पेटवायची इसरले.

कारन त्या दिवशी गिरनीचा भोंगा झाला तवा मालक घरला यायला निगालं हुतं. वाटंत त्यांना कुनीतरी सांगितलं की तुमची पोर गाठुड्यात मेल्याली सापडली. ते तसंच पाराकडं पळालं. मी गर्दीत त्यांना बगितलं न्हाय. पन पोर सापडल्यावर समदी आली, ते लई उशिरा आलं, आन ठकीला घेतलं न्हाय. हात धुतलं. परत धुतलं. आन दुसऱ्या दिसापासनं, उजाडायच्या आदी उठून ते तानूआक्काच्या रांजनात पानी भराया लागलं. कुनी सांगितलं न्हाय. कुनाला सांगितलं न्हाय. भरल्याला रांजन बगून ती नुसती झाकन ठिवायची.

मी बी इचारलं न्हाय. असंल, नसंल. मी बगितलं न्हाय डोळ्यानं.

ठकी दुडुदुडु पळाया लागली त्या साली तानूआक्काच्या बहिनीची लेक बैलगाडी घिऊन आली. आता हाताला जोर न्हाय, आमच्याकडं चल म्हनाली अक्कलकोटाला. तानूआक्का निगाली. सामान काय, येक गाठुडं आन रहाट. गल्ली जमली. चंद्राबाई लांब तिच्या दारात उभी, कोंबड्या बांदल्याल्या. सोनाबाई रडत हुती, खरी रडत हुती.

रहाट गाडीपतुर मालकांनी डोक्यावर नेला. खाली मान घालून चाललं हुतं, पायाच्या अंगठ्याकडं बगत. तानूआक्का गाडीत बसली हुती. तिनं वाकडं मनगट फुडं केलं आन त्यांच्या हनुवटीखाली धरलं, लेकराची मान वर करावी तसं. समद्या गल्लीदेखत.

म्हनाली, "वर बग रे बाबा. असा खाली बगून चाललास तर वझं सांडंल."

त्यांनी वर बगितलं. मी त्यांचं तोंड बगितलं तवा.

गाडी गेली. धूळ बसली. मंग यल्लय्याचा माग चालू झाला, खट्-खटक, आन आमच्या फळीवरची भांडी हालाया लागली.

वरसं झाली. ते माज्या शेजारी जेवत्यात, ठकीला खांद्यावर घेत्यात, कुनाला वावगं बोलत न्हाईत. अजून कोन "लोक म्हन्त्यात" म्हनलं की उठून जात्यात. आन मी भाकर थापता थापता त्यांच्या हाताकडं बगते. येक शबुद इचारला तर कळंल. व्हय न्हायतर न्हाय. तानूआक्का असती तर तिनं इचारलं असतं का? का तीच म्हनाली असती, भर घालू नगस, भाकर भाज?

मला येकलीला उमगत न्हाय. तुमी शिकलीसवरली मानसं. तुमच्या चुलीम्होरं बसून, येकल्यानं, इचार करून सांगा. तुमी इचारलं असतं का?